दुसऱ्या खुर्चीचा प्रश्न : समाजवादी राज्यातील उपाध्यक्षपद

शोषितांच्या हाती सत्ता आली असे एखादे राज्य जाहीर करते, तेव्हा मुख्य खुर्चीवर कोण बसले हे आपण प्रथम पाहतो. तिच्या शेजारी जी दुसरी खुर्ची असते, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. उपाध्यक्षपद म्हणजे मानाचे पण बिनकामाचे पद, अशी आपली समजूत असते. परंतु समाजवादी राज्यांचा इतिहास या दृष्टीने चाळला, तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. अल्पसंख्य राष्ट्रजाती, स्त्रिया, काळे लोक, कामगारवस्तीतून वर आलेली माणसे यांना राज्याच्या शिखरावर अनेकदा जागा मिळाली ती या दुसऱ्या खुर्चीवर. ही जागा हक्काची होती की शोभेची, आणि ते ठरवायचे कशावरून, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा मॉस्को आणि बीजिंगचा प्रश्न आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. पण तलासरी तालुक्यातील, दादरा-नगरहवेलीच्या हद्दीजवळच्या उधवा गावात हा प्रश्न परका ठरत नाही. या मुलखात लाल बावटा पुस्तकांतून आलेला नाही. २३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी येथे सुमारे पाच हजार आदिवासी जमले आणि वेठबिगार करणार नाही असा त्यांनी निर्धार केला. कर्जापायी लग्नाच्या वेळी स्वतःला आणि बायकोला जमीनदाराकडे गहाण टाकणारा लग्नगडी त्या निर्धाराने मोकळा झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे हुतात्मा झाले. तेव्हापासून डहाणू-तलासरीत हा झेंडा टिकून आहे. तलासरीची पंचायत समिती दीर्घकाळ त्याच झेंड्याखाली राहिली. २०१९ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत डहाणूने विधानसभेवर याच पक्षाचा आदिवासी आमदार पाठवला. ज्या माणसांनी समाजवादासाठी गोळ्या झेलल्या, त्यांच्या मुलाबाळांना समाजवादी राज्यात आपल्यासारख्यांना कुठे बसवले गेले, हे विचारण्याचा पुरेपूर अधिकार आहे.

सोव्हिएत संघापासून सुरुवात करू. १९३६ च्या राज्यघटनेने एकट्या राष्ट्राध्यक्षाचे पद ठेवलेच नाही. सर्वोच्च सोव्हिएतने निवडलेले अध्यक्षमंडळ हेच सामुदायिक राष्ट्रप्रमुख मानले गेले. घटनेच्या मसुद्यावर चर्चा चालू असताना एक दुरुस्ती आली, की या मंडळाच्या उपाध्यक्षांची संख्या वाढवून अकरा करावी, म्हणजे प्रत्येक संघ-प्रजासत्ताकाचा एक उपाध्यक्ष होईल. नोव्हेंबर १९३६ च्या भाषणात स्टालिनने ही दुरुस्ती स्वीकारावी असे सांगितले आणि ती स्वीकारली गेली. राष्ट्रप्रमुख सर्व जनतेने थेट निवडावा ही दुसरी सूचना मात्र त्याने त्याच भाषणात नाकारली. पुढे प्रजासत्ताके वाढली तशी उपाध्यक्षांची संख्या वाढली. १९७७ च्या घटनेत एक प्रथम उपाध्यक्ष आणि पंधरा उपाध्यक्ष होते.

ही कल्पना लहान नव्हती. झारच्या राज्यात ज्या उझबेक, ताजिक, किरगीझ लोकांना प्रजा म्हणूनही पुरती किंमत नव्हती, त्यांचा माणूस आता कागदोपत्री युक्रेनच्या आणि रशियाच्या माणसाच्या बरोबरीने बसणार होता. जातीच्या उतरंडीत जन्मलेल्या आपल्यासारख्यांना या बरोबरीचे मोल कळते. उझबेकिस्तानच्या यादगार नसरुद्दिनोव्हा १९५९ ते १९७० या काळात आपल्या प्रजासत्ताकाच्या अध्यक्षमंडळाच्या प्रमुख होत्या. एका पिढीपूर्वी बुरख्याआड असलेल्या समाजातील स्त्री राज्यप्रमुखाच्या जागी आली, ही घटना कोणालाही नाकारता येणार नाही.

परंतु सत्ता त्या मंडळात नव्हती. ती पक्षाच्या सरचिटणीसाकडे आणि त्याच्या भोवतीच्या चार-दोन माणसांकडे होती. अध्यक्षमंडळाचे पहिले अध्यक्ष कालिनिन हे शेतकऱ्याच्या घरातून आलेले. ते राष्ट्रप्रमुख म्हणून सह्या करीत होते, त्याच काळात, १९३८ मध्ये, त्यांच्या पत्नीला अटक झाली आणि तिला छावणीत धाडण्यात आले. राष्ट्रप्रमुख आपल्या बायकोला सोडवू शकला नाही, तेथे उपाध्यक्षांची काय कथा! फेब्रुवारी १९४४ मध्ये चेचेन आणि इंगुश लोकांना घरादारासकट उचलून मध्य आशियात नेऊन टाकले. त्यानंतर मार्चमध्ये त्यांचे स्वायत्त प्रजासत्ताकच रद्द करण्यात आले, आणि तो हुकूम याच अध्यक्षमंडळाचा होता. येथे दोन गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. चेचेन लोकांचे प्रजासत्ताक संघ-दर्जाचे नव्हते, म्हणून त्यांच्या वाट्याला उपाध्यक्षाची खुर्ची आलीच नव्हती. आणि ज्यांच्या वाट्याला ती आली होती, त्यांनाही हा हुकूम थांबवता आला नाही. जागा वाटल्या गेल्या एका दालनात, निर्णय होत राहिले दुसऱ्या दालनात.

चीनचा अनुभव याहून वेगळा, आणि एका अर्थी अधिक कडू आहे. १ ऑक्टोबर १९४९ रोजी जे मध्यवर्ती लोकसरकार स्थापन झाले त्याचे अध्यक्ष माओ आणि उपाध्यक्ष सहा. या सहांपैकी तिघे कम्युनिस्ट पक्षाचे नव्हते. सुन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग छिंग-लिंग त्यांत होत्या. जुन्या राष्ट्रीय चळवळीतील माणसांना, इतर पक्षांना आणि स्त्रियांना नव्या राज्यात वाटा आहे हे सांगण्याची ती रीत होती. १९५४ च्या घटनेने हे पद एकावर आणले. १९५९ मध्ये सुंग छिंग-लिंग आणि तुंग पी-वू असे दोन उपाध्यक्ष झाले, आणि लिऊ शाओ-ची राष्ट्राध्यक्ष झाले.

खरी परीक्षा सांस्कृतिक क्रांतीत झाली. १९६८ मध्ये लिऊ शाओ-ची यांना पदावरून आणि पक्षातून काढण्यात आले. पुढच्या वर्षी कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. अध्यक्षपद रिकामे झाले तर उपाध्यक्षाने ते घ्यावे, असे घटनेत स्वच्छ लिहिलेले होते. उपाध्यक्ष दोघेही हयात होते. तरीही दोघांपैकी कोणी अध्यक्ष झाले नाही. १९७२ मध्ये तुंग पी-वू यांना काळजीवाहू म्हणून पुढे करण्यात आले आणि १९७५ च्या घटनेने राष्ट्राध्यक्षपदच मोडीत काढले. उपाध्यक्षाचे म्हणून जे एकमेव निश्चित काम मानले जाते, म्हणजे पहिली खुर्ची रिकामी झाल्यावर ती सांभाळणे, तेच काम करण्याची वेळ आली तेव्हा कायदा निमूट बसून राहिला.

१९८२ च्या घटनेने हे पद परत आणले आणि १९८३ मध्ये उलानहू हे मंगोल नेते उपाध्यक्ष झाले. अंतर्गत मंगोलियाचे स्वायत्त क्षेत्र १९४७ मध्ये उभे करणारा हा माणूस. १९६६ मध्ये त्याला दूर सारले गेले आणि त्यापुढच्या वर्षांत तेथे फुटीरतेच्या आरोपाखाली हजारो मंगोल मारले गेले. ज्या समाजावर एवढा घाला पडला, त्याच्या पुढाऱ्याला पंधरा-सोळा वर्षांनी दुसरी खुर्ची मिळाली. ही भरपाई होती की सांत्वन, हे वाचकांनी ठरवावे. आणखी दहा वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच खुर्चीवर रुंग यी-रेन हे जुन्या कारखानदार घराण्यातील भांडवलदार बसले. म्हणजे खुर्ची तीच, पण कधी ती अल्पसंख्य जमातीला दिलेला संदेश होती आणि कधी भांडवलवाल्यांना दिलेला. संदेश पाठवणारा मात्र बदलला नाही. तो पक्षाच्या शिखरावर होता. बसणाऱ्याच्या समाजाने त्याला तेथे पाठवलेले नव्हते.

व्हिएतनाममध्ये या पदाला कामगाराचा आणि नंतर स्त्रीचा चेहरा मिळाला. तोन दुक थांग हे यंत्रकामगार, संपात उतरलेले, वसाहतवाद्यांच्या तुरुंगात वर्षानुवर्षे राहिलेले. १९६० मध्ये ते उपाध्यक्ष झाले आणि सप्टेंबर १९६९ मध्ये हो ची मिन्ह वारल्यावर राष्ट्राध्यक्ष झाले. येथे दुसरी खुर्ची पहिलीपर्यंत पोहोचली. १९७३ च्या पॅरिस करारावर दक्षिणेच्या क्रांतिकारी सरकारतर्फे सही करणाऱ्या न्गुयेन थी बिन्ह १९९२ ते २००२ उपाध्यक्ष होत्या. त्यांच्यानंतर २०२१ पर्यंत या पदावर निवडून आलेल्या चारही व्यक्ती स्त्रियाच आहेत. राष्ट्राध्यक्षाचे पद मध्येच रिकामे झाले तेव्हा २०१८, २०२३ आणि २०२४ अशा तीन वेळा स्त्री उपाध्यक्षाने काही आठवडे राज्यप्रमुखाचे काम पाहिले. तिन्ही वेळा कायम नेमणुकीची वेळ आली तेव्हा पुरुष निवडला गेला. रीत पडून गेली, की ही जागा बाईची. आणि जागा एकदा बाईची ठरली, की तिच्या पुढची जागा बाईची नाही हेही न बोलता ठरून जाते. आपल्याकडील राखीव जागांच्या राजकारणात हाच अनुभव आपण घेत आलो आहोत. राखीव जागेवरून निवडून आलेल्या कार्यकर्त्याने सर्वसाधारण जागा मागितली, की पक्षातले लोक त्याच्याकडे आश्चर्याने पाहू लागतात.

क्यूबात हुआन अल्मेइदा बोस्के हे काळ्या वंशाचे गवंडी. १९५३ च्या मोंकादा हल्ल्यात होते, १९५६ मध्ये कास्त्रोबरोबर ग्रान्मा बोटीतून उतरले. १९७६ नंतर २००९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते राज्यमंडळाच्या उपाध्यक्षांपैकी एक होते. २०१९ च्या नव्या घटनेने प्रजासत्ताकाचा एकच उपाध्यक्ष ठेवला, आणि त्या पदावर साल्वादोर वाल्देस मेसा हे काळे कामगारनेते आले. गुलामगिरीचा इतिहास असलेल्या देशात ही गोष्ट क्षुल्लक नाही. अमेरिकेसारख्या लोकशाहीला काळा उपाध्यक्ष मिळायला २०२१ उजाडावे लागले, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तरीपण क्यूबातील पहिली खुर्ची १९५९ पासून कोणाकडे राहिली, हेही सर्वांना ठाऊक आहे.

या सर्वांहून निराळा प्रयोग युगोस्लाव्हियाने केला. तेथेही आरंभी एकच उपाध्यक्ष होता, आणि तो अलेक्सांदर रांकोविच हा टिटोचा गुप्तपोलीस सांभाळलेला उजवा हात होता. १९६६ मध्ये तो पदच्युत झाला आणि पुढच्या वर्षी ते पदच गेले. १९७४ च्या घटनेने सामुदायिक राष्ट्राध्यक्षपद पक्के केले. सहा प्रजासत्ताके आणि दोन स्वायत्त प्रांत यांचा प्रत्येकी एक प्रतिनिधी त्यात होता. टिटोच्या मृत्यूनंतर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ही पदे ठरलेल्या क्रमाने दरवर्षी फिरत गेली. येथे दुसरी खुर्ची कोणाच्या मर्जीवर नव्हती. यंदाचा उपाध्यक्ष पुढच्या वर्षी अध्यक्ष होई. या नियमामुळेच १९८६ मध्ये कोसोव्होचे अल्बेनियन सिनान हसानी राष्ट्रप्रमुख झाले. उपाध्यक्षपद हक्काचे करता येते, याचा हा पुरावा आहे. पण तीनच वर्षांनी, १९८९ मध्ये, सर्बियाने कोसोव्होची स्वायत्तता छाटली आणि थोड्याच काळात तो देशच फुटला. वरची फिरती खुर्ची खालच्या समाजातील बहुसंख्याकांचा अहंकार रोखू शकली नाही. नियम चांगला असूनही त्याच्यामागे समाज उभा नसला तर काय होते, ते येथे दिसते.

सोव्हिएत संघाचा शेवटही याच पदाशी येऊन भिडला. मार्च १९९० मध्ये गोर्बाचोव्ह राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्या वर्षअखेर उपाध्यक्षपद निर्माण झाले. गेन्नादी यानायेव्ह पहिल्या मतदानात पडले. गोर्बाचोव्हनी आग्रह धरून दुसऱ्यांदा मतदान घ्यायला लावले आणि त्यांना निवडून आणले. त्याच यानायेव्हनी १९ ऑगस्ट १९९१ रोजी गोर्बाचोव्हना बाजूला सारून स्वतःला हंगामी राष्ट्राध्यक्ष म्हणवले. तीन दिवसांत तो कट कोसळला आणि डिसेंबरात राज्यही. प्रतिनिधींनी नाकारलेला आणि वरून लादलेला दुसरा माणूस हा, ज्याने लादला त्याचाही राहत नाही.

या साऱ्या इतिहासाकडे पाहताना बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात जे मांडले त्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यातील राज्य-समाजवादाचा भाग आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याचा, शेती हा राज्याचा उद्योग आणि जमीन जातपात न पाहता सामुदायिक रीतीने कसायला द्यायची, हे सर्व घटनेतच लिहावे आणि ते हुकूमशाहीशिवाय, संसदीय मार्गाने आणावे अशी ती योजना होती. पण त्याच निवेदनातील कार्यकारी मंडळाच्या रचनेकडे आपण तितके लक्ष दिलेले नाही. पंतप्रधान संपूर्ण सभागृहाने निवडावा. मंत्रिमंडळातील अल्पसंख्याकांचे प्रतिनिधी मात्र त्या त्या अल्पसंख्य समाजाच्या विधिमंडळातील सभासदांनी निवडावेत, असे बाबासाहेबांनी सुचवले होते. पुणे कराराने दलितांचा प्रतिनिधी इतरांच्या मतांवर अवलंबून ठेवला, त्या अनुभवातून आलेले हे उत्तर होते. समाजवादी राज्य हवेच, पण त्या राज्याच्या वरच्या दालनात आपला माणूस आपणच पाठवू, इतरांनी निवडलेला आपला माणूस आम्हाला नको, असा त्याचा अर्थ होतो. मॉस्को, बीजिंग आणि हनोई यांनी जागा दिल्या. पाठवण्याचा हक्क दिला नाही. बाबासाहेबांनी नेमका तोच हक्क मागितला होता. तो आपल्या घटनेतही आला नाही, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

१५ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासमितीत के. टी. शहा यांनी ‘समाजवादी’ हा शब्द घालण्याची दुरुस्ती मांडली, तेव्हा बाबासाहेबांनी तिला विरोध केला. समाजरचना कोणती हवी हे लोकांनी काळानुसार ठरवावे आणि मार्गदर्शक तत्त्वांत आशय आलेलाच आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने तो शब्द उद्देशिकेत आला. नावाने आपले राज्यही समाजवादी झाले. या राज्याच्या दुसऱ्या खुर्चीवर १९९२ मध्ये के. आर. नारायणन् हे केरळातील दलित कुटुंबातले गृहस्थ बसले आणि १९९७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. शोभेच्या समजल्या जाणाऱ्या पदावरही ठाम माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे. पण ठाम माणूस मिळणे हा योग झाला. शोषितांचे राजकारण योगावर सोडून चालत नाही.

आता पुन्हा डहाणू-तलासरीकडे येऊ. येथील चळवळ उभी करणारे शामराव परुळेकर १९३७ मध्ये बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेले होते आणि जानेवारी १९३८ च्या खोतीविरोधी शेतकरी मोर्चाच्या पुढाऱ्यांत होते. गोदावरीबाई परुळेकर पुण्याच्या सुशिक्षित, सुस्थित घरातून आल्या आणि आदिवासींच्या झोपड्यांत राहिल्या. त्यांच्या त्यागाविषयी शंका नाही. तरी सुरुवातीला पहिली जागा बाहेरून आलेल्यांची आणि दुसरी आदिवासींची, हे येथेही होतेच. १९५७ मध्ये ठाणे हा दोन सभासदांचा लोकसभा मतदारसंघ होता. त्यातून शामराव आणि लक्ष्मण महादू मातेरा हे आदिवासी कार्यकर्ते एकाच पक्षातर्फे निवडून आले. दोघेही खासदार, कोणी कोणाचा उप नव्हे. १९६१ च्या कायद्याने असे जोड-मतदारसंघ बंद झाले. १९७७ मध्ये डहाणूतून लहानू कोम हे आदिवासी शेतकरी नेते लोकसभेत गेले. झरीच्या सभेपासून येथवर यायला बत्तीस वर्षे लागली. ही वाटचाल वरच्या कोणाच्या कृपेने झाली नाही. संघटना खालून वाढली, म्हणून झाली.

गावपातळीवर तर चित्र उलटेही होऊ शकते. डहाणू आणि तलासरी हे अनुसूचित क्षेत्र. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील पंचायतींची अध्यक्षपदे सर्व पातळ्यांवर अनुसूचित जमातींसाठी राखली. उपसरपंचपदाला असे आरक्षण नाही. ते सदस्यांतून निवडले जाते. म्हणजे जेथे व्यापारी आणि बागायतदारांची वस्ती आहे, तेथे पहिली खुर्ची आदिवासीची आणि कारभार दुसऱ्या खुर्चीचा, हे कायदा न मोडता घडू शकते. तेव्हा खुर्चीच्या क्रमांकावरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून उपाध्यक्ष असो, उपसभापती असो की उपसरपंच, आपण तीन प्रश्न विचारले पाहिजेत. याला कोणी पाठवले? निर्णय जेथे होतात त्या बैठकीत हा बसतो काय? आणि आपल्या समाजाविरुद्ध हुकूम निघाला, तर तो अडवण्याचा अधिकार याला आहे काय, आणि न अडवल्यास याला परत बोलावण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? सोव्हिएत संघाचे पंधरा उपाध्यक्ष या प्रश्नांपुढे टिकत नाहीत. उलानहू टिकत नाहीत. युगोस्लाव्हियाचा नियम पहिल्या प्रश्नाला थोडेफार उत्तर देतो आणि तिसऱ्यापाशी अडखळतो. आपली स्वतःची पदेही या कसोटीला लावली पाहिजेत, मग झेंडा निळा असो वा लाल.

तलासरी-डहाणूच्या तरुण कार्यकर्त्यांनी आणि दलित वस्त्यांतील विद्यार्थ्यांनी ही कसोटी प्रथम आपल्याच संघटनांना लावावी. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस यांच्या याद्या घ्याव्यात आणि पाहावे, की शेतमजूर, आदिवासी, स्त्रिया, मागास जातींतले कार्यकर्ते कोणत्या रकान्यात आहेत, आणि त्या रकान्यात त्यांना कोणी घातले. राज्य समाजवादी व्हायचे तेव्हा होईल. संघटनेतील दुसरी खुर्ची हक्काची करणे मात्र आजच आपल्या हाती आहे.